हैतीला दिलेली मदत कुठे गेली? आपत्ती आणि आरोग्यासाठीचा पैसा नेमका कोणाच्या हातात द्यायचा?

अनुष्टुभ

गरीब देशात भूकंप, वादळ किंवा साथ आली की बातमीत मृतांच्या आकड्यामागोमाग मदतीचा आकडा येतो. तो पैसा कोणाच्या हातात पडला हे मात्र क्वचितच छापून येतं. मी बरेच दिवस हैती या कॅरिबियन देशाबद्दल वाचतोय. जे कळलं ते इथे मांडतो, कारण या विषयात काम केलेले लोक इथे आहेत.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पश्चिमेला, लेओगानजवळ. मृतांच्या संख्येवर आजही एकमत नाही. एक लाखापासून सरकारने सांगितलेल्या तीन लाख सोळा हजारांपर्यंत अंदाज आहेत. राष्ट्रपती भवन कोसळलं, बहुतेक मंत्रालयांच्या इमारती पडल्या, अनेक कर्मचारी आत दगावले. म्हणजे मदत स्वीकारणारी यंत्रणाच ढिगाऱ्याखाली होती. मार्चमध्ये न्यूयॉर्कला देणगीदार देश जमले आणि पुढच्या दीड वर्षासाठी ५०० कोटी डॉलरहून जास्त रकमेची आश्वासनं दिली गेली.

पुढे हैतीसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूताच्या कार्यालयाने तातडीच्या मदतीचा हिशेब मांडला. सुमारे २४३ कोटी डॉलरपैकी जवळपास एक तृतीयांश रक्कम देणगीदार देशांच्याच लष्करी आणि नागरी यंत्रणांकडे गेली. बाकीची बहुतेक यूएनच्या संस्था, आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था, रेड क्रॉस आणि खाजगी कंत्राटदारांकडे. हैतीच्या सरकारच्या वाट्याला आला एक टक्का. हैतीतल्या स्थानिक संस्थांना अर्धा टक्कासुद्धा नाही.

पहिल्या काही आठवड्यांत जहाजं, हेलिकॉप्टर, शल्यचिकित्सक बाहेरूनच येणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण हीच पद्धत पुढेही चालू राहिली. सरकार दुबळं आहे म्हणून पैसा त्याला टाळून जातो, पैसा टाळून जातो म्हणून सरकारी दवाखान्यात पगार होत नाहीत, पगार नाही म्हणून तिथली परिचारिका बाहेरच्या संस्थेत नोकरी धरते, आणि दवाखाना आणखी रिकामा होतो. पुढच्या आपत्तीच्या वेळी पुन्हा तेच कारण सांगायला सगळे मोकळे.

माझं मत सरळ आहे. आरोग्य आणि आपत्तीसाठीचा पैसा किती, यापेक्षा तो त्या देशातल्या माणसांच्या आणि संस्थांच्या हातात किती, यावर पुढच्या वेळी किती जीव वाचणार हे ठरतं. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा

चांगला विषय. पण तुमचं मत मला अर्धंच पटलं.

सरकारच्या हातात पैसा द्या म्हणता, तर पेट्रोकारिबेचं काय झालं ते बघा. व्हेनेझुएलाकडून हैतीला सवलतीत तेल मिळायचं, ते विकून जो पैसा हाती राहायचा तो विकासकामांवर खर्चायचा, अशी योजना होती. जवळपास २०० कोटी डॉलरचा व्यवहार. २०१८ मध्ये हैतीतली तरुण मुलं 'पेट्रोकारिबेचा पैसा कुठे आहे' असा प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरली. २०१९ मध्ये तिथल्याच लेखापरीक्षण न्यायालयाने अहवाल दिले, त्यात एकाच रस्त्याच्या कामाची दोनदा कंत्राटं दिल्याचंही निघालं. भूकंपग्रस्तांसाठी दिलेला पैसा अशा तिजोरीत टाकायचा? देणारा सामान्य माणूस पोटाला चिमटा काढून देतो. त्याच्याशी आपलं काही उत्तरदायित्व आहे की नाही?

अनुष्टुभ

रानवारा, मुद्दा रास्त आहे. पण दोन गोष्टी बघा. हा घोटाळा बाहेर काढला तो हैतीच्याच लेखापरीक्षकांनी आणि हैतीच्याच रस्त्यावरच्या मुलांनी. त्या लेखापरीक्षकांचे हात बळकट करायला पैसा देता आला असता. तो कोणी फारसा दिला नाही, कारण लेखापरीक्षकाचा फोटो पत्रकावर छापता येत नाही.

दुसरं म्हणजे, सरकारला टाळून दिलेला पैसाही सुरक्षित राहिला असं नाही. अमेरिकन रेड क्रॉसने या भूकंपासाठी जवळपास ५० कोटी डॉलर जमवले. २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआरच्या शोधपत्रकारांनी लिहिलं की त्यातून कायमची घरं उभी राहिली सहा. संस्थेचं म्हणणं होतं की जमिनीच्या मालकीचे कागद नसल्यामुळे घरं बांधणं अशक्य झालं, म्हणून पैसा तात्पुरता निवारा, दुरुस्ती, आरोग्य अशा कामांकडे वळवला. ते खरं धरलं तरी प्रश्न उरतोच. जमिनीचे कागद कोणाच्या नावावर आहेत हे स्थानिक माणसाला पहिल्या दिवशी माहीत असतं. त्याला विचारलं कोणी?

मोरपीस

वाचतेय. फार महत्त्वाचा धागा. तांदळाचंही कोणीतरी लिहा ना, तेही या सगळ्याशी जोडलेलं आहे असं ऐकलं होतं.

जुना_वाचक

मोरपीस, थोडक्यात सांगतो. हैती एके काळी स्वतःपुरता बहुतेक तांदूळ पिकवायचा. नव्वदच्या दशकात बाहेरच्या दबावाखाली आयातशुल्क अगदी नाममात्र केलं गेलं, अनुदानित अमेरिकन तांदूळ स्वस्तात आला आणि आर्तिबोनित खोऱ्यातला शेतकरी मोडला. मार्च २०१० मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर जाहीर कबुली दिली की या धोरणाचा फायदा आपल्या आर्कान्सामधल्या काही शेतकऱ्यांना झाला असेल, पण हैतीची स्वतःला पोसण्याची ताकद त्यातून गेली.

आणि त्याच्याही मागे जायचं तर १८२५. गुलामांनी लढून मिळवलेल्या स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात फ्रान्सने १५ कोटी फ्रँकची 'भरपाई' मागितली, किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या करून. पुढे ती ९ कोटींवर आली. ती फेडायला काढलेल्या कर्जांचे हप्ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. हैती गरीब का, याचं उत्तर देताना हे सोडून 'तिथे भ्रष्टाचार फार' एवढंच म्हणणं अन्यायाचं आहे. ज्या काळात इतर देश गटारं आणि शाळा बांधत होते त्या काळात या देशाची मिळकत व्याजात जात होती.

नाडीपरीक्षा

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते, म्हणून कॉलऱ्याबद्दल लिहिते. पैशाचा प्रश्न तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

भूकंपानंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, मिर्बाले गावाजवळच्या यूएन शांतिसेनेच्या छावणीतून मैला नदीच्या उपप्रवाहात गेला. तिथे नेपाळहून आलेली तुकडी होती. पाणी पुढे आर्तिबोनित नदीत मिसळलं आणि काही दिवसांत खोरंभर कॉलरा. त्याआधी हैतीत कॉलऱ्याची नोंद नव्हती, त्यामुळे लोकांच्या अंगात प्रतिकारशक्ती नाही, डॉक्टरांना अनुभव नाही. २०१९ पर्यंत आठ लाख वीस हजारांच्या आसपास रुग्ण आणि जवळपास दहा हजार मृत्यू.

यूएनने वर्षानुवर्षं जबाबदारी टाळली. पीडितांनी अमेरिकेत खटला भरला, तो यूएनच्या कायदेशीर संरक्षणामुळे फेटाळला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये यूएनचे तेव्हाचे महासचिव बान की-मून यांनी माफी मागितली आणि ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली, कॉलरा संपवायला आणि पीडितांना आधार द्यायला. त्यासाठी सदस्य देशांनी स्वेच्छेने द्यायचे होते. प्रत्यक्षात जमली ती त्या रकमेच्या तुलनेत अगदी किरकोळ. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना वैयक्तिक भरपाई मिळाली नाही. मला हे वाचून आजही संताप येतो.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग आहे, तो कोणी सांगत नाही. हैतीने कॉलरा थांबवला होता. २०१३ पासून आरोग्य मंत्रालय, युनिसेफ आणि काही संस्थांनी मिळून फिरती पथकं उभी केली. रुग्ण सापडला की एक-दोन दिवसांत पथक त्याच्या घरी. घर निर्जंतुक करायचं, आजूबाजूच्या घरांना क्लोरीन, साबण, क्षारसंजीवनी द्यायची, संपर्कातल्यांना औषध द्यायचं, पाण्याचा स्रोत तपासायचा. पथकात सगळे स्थानिक लोक, क्रेओल ही तिथली भाषा बोलणारे. मोठं तंत्रज्ञान काही नाही. पैसा नियमित आला तेव्हा पथकं वाढली आणि रुग्ण घटले, पैसा आटला की पथकं कमी झाली. शेवटचा खात्रीलायक रुग्ण फेब्रुवारी २०१९ च्या सुरुवातीला.

लशीचंही सांगते. २०१२ मध्ये झानमी लासांते आणि गेस्किओ या हैतीतल्याच दोन संस्थांनी जवळपास एक लाख लोकांना तोंडावाटे द्यायची कॉलऱ्याची लस दिली, एका संस्थेने ग्रामीण भागात आणि दुसरीने राजधानीच्या वस्तीत. 'गरीब वस्तीत दुसऱ्या डोसला कोण परत येणार' असं तज्ज्ञ म्हणत होते. बहुसंख्य लोक परत आले. लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची, शानकॉल.

मोरपीस

नाडीपरीक्षाताई, मग २०२२ मध्ये परत कॉलरा कसा आला?

नाडीपरीक्षा

पथकं हे तात्पुरतं काम. मूळ उपाय नळाचं शुद्ध पाणी आणि मैल्याची व्यवस्था. त्यासाठी २०१३ मध्ये दहा वर्षांचा, सुमारे २२० कोटी डॉलरचा आराखडा झाला होता. त्याला पुरेसा पैसा कधीच मिळाला नाही. साथ चालू असते तेव्हा देणगीदार असतात, साथ थांबली की पाइपलाइनसाठी कोणी थांबत नाही.

मग सप्टेंबर २०२२ मध्ये सशस्त्र टोळ्यांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचा व्हारो हा इंधनसाठा रोखून धरला. डिझेल नाही म्हणून पाण्याचे पंप बंद, टँकर बंद, रुग्णालयातले जनरेटर बंद. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॉलरा परत आला. तीन वर्षांहून जास्त काळ रुग्ण नसलेल्या देशात.

हिशेबनीस

मी बरीच वर्षं मदतकार्याच्या हिशेबात काढली, वेगवेगळ्या देशांत. आतली बाजू सांगतो.

देणगीचा पैसा बहुतेक वेळा बांधील असतो. म्हणजे 'हा पैसा तंबूंसाठी', 'हा फक्त माता-बाल आरोग्यासाठी', 'हा अमुक तारखेच्या आत संपवा'. माझ्या एका जुन्या संस्थेत असं झालं होतं की कोठारात तंबू पडून होते, औषधं संपली होती, आणि तंबूंचा पैसा औषधाला वळवायची परवानगी मिळेपर्यंत साथ ओसरली. कोणी चोरी केली नव्हती. नियम पाळले होते.

मुदत हा दुसरा रोग. बारा किंवा अठरा महिन्यांचा प्रकल्प. पहिले काही महिने माणसं नेमण्यात, शेवटचे काही अहवाल लिहिण्यात, मधे उरलेला काळ कामाचा. इतक्या काळासाठी चांगली स्थानिक परिचारिका स्वतःची पक्की नोकरी सोडून येते, आणि प्रकल्प संपला की तिच्याकडे ना ही नोकरी ना ती.

तिसरी गोष्ट बोलायला कोणाला आवडत नाही. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर प्रशासकीय खर्च कापला जातो. मोठी संस्था तिचा भाग घेते, तिची उपसंस्था तिचा घेते, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या गावातल्या संस्थेला मात्र सांगतात, तुम्हाला कार्यालयाचं भाडं, लेखापाल यासाठी पैसे मिळणार नाहीत, फक्त 'कामासाठी' मिळतील. पुढच्या वर्षी तिलाच म्हणतात, तुमचे हिशेब नीट नाहीत, तुम्हाला थेट पैसा देता येत नाही. लेखापाल ठेवायला पैसे दिले नाहीत तर हिशेब नीट येणार कुठून?

२०१६ मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी परिषद झाली. तिथे मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी शब्द दिला की २०२० पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देऊ. तो आकडा गाठला नाही, आजही त्याच्या जवळपास नाही. अनुष्टुभ यांनी हैतीचा जो टक्का दिला आहे तो अपवाद नाही.

रानवारा

हिशेबनीस, हे पटलं. विशेषतः लेखापालाचं. पण मग बांधील नसलेला पैसा दिला तर त्याचा हिशेब मी मागायचा कसा?

हिशेबनीस

किती ब्लँकेटं वाटली हे विचारण्याऐवजी रुग्णाला दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, दोन वर्षांनी तो दवाखाना चालू होता का, औषधं कपाटात होती का, हे विचारायचं. हा हिशेब अवघड नसतो, तो मागितला जात नाही एवढंच. आणि लेखापरीक्षण प्रत्येक देणगीदाराचं वेगळं नको. एकाच छोट्या संस्थेत वर्षात चार-पाच लेखापरीक्षक येऊन तेच कागद बघतात, तेव्हा तिथला डॉक्टर रुग्ण सोडून फायली काढत बसतो.

सागरगोटा

विम्याबद्दल लिहितो, माझं क्षेत्र ते आहे.

कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये एकत्र येऊन आपत्ती विमा निधी काढला, सीसीआरआयएफ नावाचा. नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत थांबायचं नाही. भूकंपाची तीव्रता, वाऱ्याचा वेग, पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गणिताने येईल ती रक्कम थेट सरकारी खात्यात. २०१० च्या भूकंपानंतर हैतीला यातून सुमारे ७७ लाख डॉलर मिळाले, दोन आठवड्यांच्या आत. २०१६ च्या मॅथ्यू वादळानंतर २.३ कोटींच्या आसपास. १४ ऑगस्ट २०२१ ला दक्षिणेत ७.२ चा भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली, तेव्हा जवळपास ४ कोटी डॉलर.

रकमा नुकसानीपुढे फार लहान आहेत. मॅथ्यूचंच नुकसान अब्ज डॉलरांत होतं. पण हा पैसा आला तो लगेच आणि हैतीच्या सरकारच्या नावावर. कोणाकडे हात पसरावा लागला नाही. हप्ता भरायला गरीब देशाला बाहेरची मदत लागते हे खरं, पण तंबू पाठवण्यापेक्षा हप्ता भरणं अधिक उपयोगाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

नाडीपरीक्षा

सागरगोटा, सहमत, पण विमा कॉलऱ्याला लागू होत नाही. मर्यादा ओलांडायची वाट न बघता रोज चालणारी व्यवस्था लागते. एक वस्तुस्थिती रानवारा यांच्या बाजूचीही सांगते. हैतीच्या सरकारी अर्थसंकल्पात आरोग्याचा वाटा २००४ मध्ये १६ टक्क्यांच्या वर होता, तो २०१७ पर्यंत साडेचार टक्क्यांच्या आत आला. जागतिक बँकेने हे मांडलं होतं. बाहेरचा पैसा आला आणि सरकारने आपला काढून घेतला, असाही त्याचा अर्थ लागतो. त्यात जो उरला तो जवळपास सगळा पगारात, औषधांना काही नाही. आणि देणगीदारांना नवी रुग्णालयं बांधायची हौस, ती चालवायचा खर्च कोणी धरायचा नाही.

अनुष्टुभ

ताई, ही बाजू मला माहीत नव्हती, आणि ती महत्त्वाची आहे. म्हणजे सरकारला पैसा देताना 'तुम्ही तुमचा वाटा कमी करणार नाही' ही अट हवी. ही अट मला मान्य आहे.

पण चालणारं उदाहरणही आहेच. पॉल फार्मर हे अमेरिकी डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात हैतीतल्या कांज गावात काम सुरू केलं. झानमी लासांते ती हीच संस्था. गावातल्याच माणसांना पगार देऊन आरोग्यसेवक केलं, क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या रुग्णाला रोज घरी जाऊन औषध देण्यासाठी. भूकंपानंतर त्यांनी आरोग्य मंत्रालयाबरोबर मिर्बालेला तीनशे खाटांचं शिकाऊ रुग्णालय उभारलं, २०१३ मध्ये सुरू झालं, बरीच वीज सौर. त्यात हैतीचे तरुण डॉक्टर तयार होऊ लागले. सरकारला टाळलं नाही, सोबत घेतलं.

रानवारा

आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या रुग्णालयाला काम थांबवावं लागलं, कारण मार्चअखेर टोळ्यांनी मिर्बाले शहरावर हल्ला केला. राजधानीचं सार्वजनिक रुग्णालय डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडायचा कार्यक्रम होता, तिथे गोळीबार झाला, दोन पत्रकार आणि एक पोलीस गेले. अनुष्टुभ, मी हे वाद जिंकायला लिहीत नाही. मला खरंच कळत नाही की बंदूक जिथे राज्य करते तिथे सर्वोत्तम मदतीनेही काय होणार.

जुना_वाचक

रानवारा, मिर्बालेचं रुग्णालय बंद पडलं, पण तिथे तयार झालेले बरेच डॉक्टर-परिचारिका हैतीत आहेत आणि इतर ठिकाणी काम करताहेत. इमारत गेली तरी हे राहतं. शिवाय टोळ्या आकाशातून पडल्या नाहीत. शाळा नाही, काम नाही, शासन नाही, अशा वस्त्यांत त्या वाढल्या.

नाडीपरीक्षा

आणि २०२५ मध्ये मागणी काय होती तेही बघू. २०२५ साठी यूएनने हैतीकरता सुमारे ९० कोटी डॉलरचं आवाहन केलं. जुलैपर्यंत त्यातले दहा टक्केही आले नव्हते. तेव्हा तेरा लाख माणसं घर सोडून शाळांत, मैदानांत, नातेवाइकांकडे राहत होती. त्यात अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली. एचआयव्हीच्या औषधांसाठी हैती बऱ्याच अंशी अमेरिकी पैशावर अवलंबून होता. कोणाच्या हातात पैसा द्यायचा ही चर्चा आपण करतोय ती योग्यच, पण सध्या पैसाच नाही. 'नीट खर्च होत नाही म्हणून देत नाही' असं म्हणणाऱ्यांना आपल्या धाग्यातून आयतं कारण मिळू नये एवढीच इच्छा आहे.

मोरपीस

मग माझ्यासारखीने काय करावं? थोडे पैसे द्यायचे असतील तर काय बघायचं? जुने कपडे, औषधं पाठवणारे काही गट दिसतात, ते ठीक आहेत का?

हिशेबनीस

कपडे आणि घरातली उरलेली औषधं पाठवू नका. बंदरात जागा अडते, औषधांची मुदत संपलेली असते, नावं परक्या भाषेत, आणि ती नष्ट करायचा खर्च त्याच देशाच्या माथी. पैसेच द्या.

संस्था निवडताना तिच्या वार्षिक अहवालात तीन गोष्टी शोधा. कर्मचाऱ्यांपैकी त्या देशातले किती आणि वरच्या पदांवर किती. आपत्तीच्या आधीपासून ती तिथे होती का. सरकारी दवाखान्यात काम करते की शेजारी स्वतःचा वेगळा मांडते. प्रशासकीय खर्च अगदी कमी दाखवणारी संस्था चांगलीच असते असं नाही, बऱ्याचदा तो खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर टाकलेला असतो. आणि 'अमुक कामासाठीच' असा रकाना असेल तर तो रिकामा सोडा. शक्य असेल तर एकदम न देता दर महिन्याला थोडं द्या, पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

रानवारा

सरकारला थेट पैसा या बाबतीत मी अजूनही तयार नाही. पण स्थानिक संस्थेच्या लेखापालाचा पगार, विम्याचा हप्ता आणि फिरती पथकं, या तिन्हींना माझा पाठिंबा. नाडीपरीक्षा, त्या पथकांच्या कामावर सविस्तर लिहाल का? एका पथकात किती माणसं असतात, पाणी कसं तपासतात, हे समजून घ्यायचं आहे.

नाडीपरीक्षा

लिहिते. या आठवड्यात वेगळा धागा काढते आणि इथे कळवते.